आलेखातले चाळीस हजार, वहीतले बारा

सोशल मीडियावर जाहिरात देणाऱ्या लहान व्यावसायिकासमोर आज आकड्यांपेक्षा आलेख अधिक येतात. जाहिरात किती वेळा दिसली, किती जणांपर्यंत पोहोचली, कोणत्या वाराला किती जणांनी ती उघडली, हे सारे रंगीत रेषांत आणि स्तंभांत मोबाइलच्या पडद्यावर दिसते. मात्र हे आलेख बहुधा जाहिरातीची जागा विकणाऱ्या कंपनीनेच काढलेले असतात, ही साधी गोष्ट नजरेआड होते. दुकानदाराच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला आकडा, म्हणजे गल्ल्यात आलेला पैसा, त्या आलेखात क्वचितच असतो. तो आलेख ज्याचा त्यालाच काढावा लागतो.

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील ब्राह्मणपारा या जुन्या वस्तीचे उदाहरण घेऊन ही गोष्ट समजून घेता येईल. छत्तीसगढी बोलीत ‘पारा’ म्हणजे आळी किंवा मोहल्ला. जुन्या रायपुरातील तात्यापारा या दुसऱ्या वस्तीच्या नावातच मराठी खूण आहे. नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत १७४१ मध्ये या प्रदेशात आले. पुढे बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपूर येथून कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, पण इथे स्थिरावलेली मराठी कुटुंबे परतली नाहीत. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात आजही त्यांची ये-जा असते. घरात मराठी, दारात छत्तीसगढी आणि बाजारात हिंदी अशा तीन भाषांत त्यांचा दिवस जातो. जाहिरातीच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही, हे पुढे दिसेलच.

समजा, ब्राह्मणपाऱ्यातील एका घरी दिवाळीच्या फराळाचा घरगुती व्यवसाय आहे. अनारसे, कडबोळी, चिरोटे आणि चकल्या घालून एक डबा तयार होतो आणि खर्च वजा जाता त्यामागे १५० रुपये उरतात. यंदा घरातील मंडळींनी २,००० रुपये खर्चून सोशल मीडियावर जाहिरात दिली. (हा व्यवसाय आणि त्याचे सर्व आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी कल्पिलेले आहेत.) जाहिरात संपल्यावर पडद्यावर आकडे आले: ती ४०,००० वेळा दिसली, १६,००० जणांपर्यंत पोहोचली आणि ४८० जणांनी तिच्यावर बोट टेकवले. घरात आनंद झाला. चाळीस हजार! अख्ख्या ब्राह्मणपाऱ्याने अनेक वेळा पाहिली असती, इतका मोठा आकडा.

वहीत मात्र वेगळी नोंद होती. ४८० पैकी ६० जणांनी निरोप पाठवून चौकशी केली. १५ जणांनी डबे मागवले. त्यांपैकी तिघांनी पार्सलचा खर्च ऐकून मागणी मागे घेतली. पैसे आले ते १२ डब्यांचे. बारा डब्यांवर १,८०० रुपये सुटले, जाहिरातीला २,००० गेले. पडद्यावरचा आलेख चढता होता आणि घरखर्चातून २०० रुपये उणे झाले होते.

नरसाळे की चाळणी

विपणनाच्या पुस्तकांत या उतरंडीला ‘फनेल’ म्हणजे नरसाळे म्हणतात. ग्राहकाचे लक्ष वेधावे, त्याचा रस जागवावा, त्याच्या मनात इच्छा निर्माण करावी आणि शेवटी त्याला खरेदीपर्यंत आणावे, या पायऱ्यांची मांडणी १८९८ च्या सुमारास अमेरिकेतील जाहिरात व्यावसायिक एलायस सेंट एल्मो लुइस यांच्या नावाशी जोडली जाते. नरसाळ्याचा आकार तिला नंतरच्या लेखकांनी दिला. हा आकार फसवा आहे, हे कोणतीही गृहिणी सांगेल. खऱ्या नरसाळ्यातून ओतलेले सगळे तेल खालच्या बाटलीत उतरते. विक्रीच्या नरसाळ्यात बहुतेक तेल वाटेतच सांडते. त्याला चाळणी म्हणणेच अधिक योग्य ठरेल.

शिवाय पडद्यावर येणारे नरसाळे बहुधा प्रमाणात काढलेले नसते. पाच पायऱ्या, पाच रंग आणि प्रत्येक पायरी वरच्यापेक्षा थोडीशीच अरुंद. पाहणाऱ्याला वाटते, वरचे निम्मे लोक तरी तळापर्यंत पोहोचले असावेत. हेच नरसाळे फूटपट्टी घेऊन कागदावर काढून पाहावे. एक सेंटिमीटर म्हणजे १,००० असे प्रमाण धरले, तर ‘४०,००० वेळा दिसली’ ही पट्टी ४० सेंटिमीटर लांब होईल. तिला वहीची दोन पाने आडवी जोडावी लागतील. १६,००० माणसांची पट्टी १६ सेंटिमीटर. ४८० जणांची पट्टी जेमतेम पाच मिलिमीटर. चौकशी करणाऱ्या ६० जणांची एक मिलिमीटरही भरत नाही, आणि पैसे देणाऱ्या बारा जणांची पट्टी साधारण वहीच्या एका कागदाच्या जाडीइतकी. पेन्सिलीची रेघही तिच्याहून जाड असते.

रुंदी प्रमाणात ठेवून गळती दाखवण्याची ही पद्धत जुनी आणि प्रतिष्ठित आहे. फ्रेंच अभियंते शार्ल जोसेफ मिनार यांनी १८६९ मध्ये नेपोलियनच्या १८१२ च्या रशिया मोहिमेचा नकाशा काढला. त्यात दहा हजार सैनिकांना एक मिलिमीटर रुंदी दिली होती. निघताना ४,२२,००० सैनिकांचा जाड पट्टा मॉस्कोपर्यंत १,००,००० इतका आक्रसतो आणि परतताना १०,००० ची बारीक काळी रेघ उरते. कुठल्या नदीपाशी आणि किती थंडीत पट्टा बारीक झाला, हे एका दृष्टिक्षेपात कळते. आयर्लंडमध्ये जन्मलेले अभियंते मॅथ्यू सँकी यांनी १८९८ मध्ये वाफेच्या इंजिनातील उष्णता कुठे वाया जाते हे अशाच कमी-जास्त रुंदीच्या पट्ट्यांनी दाखवले. आज संकेतस्थळांवरील ग्राहकांचा प्रवास दाखवणारे जे आलेख ‘सँकी’ नावाने ओळखले जातात, ते याच कुळातले.

मिनारच्या नजरेने फराळाच्या आकड्यांकडे पाहिले, तर प्रश्नच बदलतो. ‘किती जणांनी पाहिले’ हा प्रश्न मागे पडून ‘कुठे गळले’ हा पुढे येतो. ४८० जणांतून ६० उरले, म्हणजे आठांतील सात जण जाहिरात उघडून निघून गेले. जाहिरातीत डब्याचा भाव दिला नव्हता काय? डब्यात काय काय आहे हे चित्रावरून कळत नव्हते काय? शेवटी गळालेले तिघे पार्सलच्या खर्चाने गेले, म्हणजे ते शहराबाहेरचे होते. जाहिरात दाखवण्याचे क्षेत्र रायपूरपुरते ठेवले असते, तर दुर्ग किंवा कोरबा येथील लोकांना ती दाखवण्यात पैसा गेला नसता. भाषेचेही तेच. हिंदीतील जाहिरात अधिक लोकांच्या डोळ्यांखालून जाईल, परंतु कडबोळी म्हणजे काय हे ज्यांना सांगावे लागत नाही, ते मराठीतील जाहिरात पाहून थबकतील. वरची पट्टी आखूड होईल, खालची कदाचित रुंदावेल. कंपनीच्या आलेखात अशी जाहिरात पडलेली दिसेल आणि वहीत ती चाललेली दिसेल.

इतक्या लहान आणि इतक्या मोठ्या संख्या एकाच कागदावर दाखवायच्या तर ‘लॉग’ प्रमाणाचा उपयोग होतो. त्यात १० ते १००, १०० ते १,००० आणि १,००० ते १०,००० ही अंतरे सारखीच असतात. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत असे आलेख वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचले. या प्रमाणावर बाराची पट्टीही स्पष्ट दिसते. मात्र ती चाळीस हजारांच्या पट्टीच्या जवळजवळ पाव लांबीची दिसते, त्यामुळे असा आलेख स्वतःच्या अभ्यासासाठी ठेवावा. भागीदाराला किंवा बँकेला दाखवताना तो वापरणे सचोटीचे नाही.

भाजक आणि अक्ष

कोणताही आलेख पाहताना दोन गोष्टी आधी शोधाव्यात: टक्केवारी कशाच्या भागिले काढली आहे आणि उभा अक्ष कुठून सुरू होतो. वरच्याच उदाहरणात ४८० ला ४०,००० ने भागले तर प्रतिसाद १.२ टक्के येतो. १६,००० ने भागले तर तोच ३ टक्के होतो. दोन्ही खरे आहेत. पहिल्यात जाहिरात दिसण्याच्या वेळा मोजल्या आहेत, दुसऱ्यात माणसे. एकाच माणसाला ती सरासरी अडीच वेळा दिसली, एवढाच त्याचा अर्थ. दोन जाहिरातींची तुलना करताना एकीला पहिला भाजक आणि दुसरीला दुसरा लावला, तर चांगली-वाईट ठरवणे हा नुसता शब्दच्छल होतो.

अक्षाची गंमत याहून सोपी आहे. फॉलोअर्स महिनाभरात ९८० वरून १,०२० झाले आणि उभा अक्ष ९७० पासून सुरू केला, तर रेषा डोंगरासारखी चढते. तोच अक्ष शून्यापासून काढला, तर ती जवळजवळ सपाट दिसते. रेषालेखात अक्ष शून्यापासून असलाच पाहिजे असा दंडक नाही, कारण बारीक चढउतार पाहायचे असतात. स्तंभालेखात मात्र तो हवाच, कारण तिथे डोळा स्तंभाची उंची मोजतो. एकूण फॉलोअर्सची रेषा तर सहसा वरच जाते, कारण जुने फॉलोअर्स वर्षानुवर्षे यादीत राहतात. त्यापेक्षा दर आठवड्याला किती नवे आले आणि किती गेले, हे दोन स्तंभ अधिक बोलके असतात. एखाद्या दिवशी रेषा एकदम जिन्यासारखी चढली आणि प्रतिसाद तिथल्या तिथेच राहिला, तर विकत आणलेल्या फॉलोअर्सचा संशय घ्यायला हरकत नाही.

रेषालेख आणि स्तंभालेख ही स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर यांची देणगी मानली जाते. व्यापाराचे आकडे चित्ररूपात मांडणारा त्यांचा ग्रंथ १७८६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि वर्तुळालेख त्यांनी १८०१ मध्ये वापरला. म्हणजे या आलेखांचा जन्मच आयात-निर्यातीच्या हिशेबातून झाला. आज मात्र हिशेब बाजूला राहून शोभा उरल्याचे अनेकदा दिसते. ब्रायन सोलिस आणि जेसी थॉमस यांनी २००८ मध्ये सोशल मीडियाचा एक गाजलेला आलेख तयार केला. त्यात पाकळ्यांच्या फुलासारख्या रचनेत विविध सेवांची नावे मांडली होती. विपणनासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा असाच एक नकाशा स्कॉट ब्रिंकर यांनी २०११ मध्ये काढला, तेव्हा त्यात सुमारे १५० नावे होती. २०२४ मध्ये ती १४,१०६ झाली. त्या नकाशावरची बोधचिन्हे भिंगाशिवाय ओळखताही येत नाहीत. या क्षेत्राचा पसारा किती आहे हे अशा चित्रांतून कळते. आपण काय करावे हे कळत नाही.

मोजपट्टीच बदलते तेव्हा

आलेखातील चढ किंवा उतार ग्राहकांमुळेच आला असेल असे नाही. कधी मोजण्याची रीतच बदललेली असते. व्हिडिओ लोक सरासरी किती वेळ पाहतात याचा आपला आकडा फुगलेला होता, अशी कबुली फेसबुकने सप्टेंबर २०१६ मध्ये दिली. तीन सेकंदांपेक्षा कमी वेळ पाहणारे प्रेक्षक भाजकातून वगळले गेल्याने सरासरी ६० ते ८० टक्क्यांनी जास्त दिसत होती, आणि हा प्रकार सुमारे दोन वर्षे चालला होता. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून ‘शॉर्ट्स’ या लघुव्हिडिओंची मोजणी बदलली. व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा सुरू झाला की तो पाहिला असे धरले जाऊ लागले. किमान किती वेळ पाहिला ही अट उरली नाही. त्या दिवसापासून प्रेक्षक एकानेही न वाढता अनेकांच्या रेषा उंचावल्या. गूगलच्या संकेतस्थळ-मोजणीच्या जुन्या पद्धतीने १ जुलै २०२३ पासून नवी नोंद घेणे थांबवले आणि तिच्या जागी आलेल्या पद्धतीत काही संज्ञांचे अर्थच वेगळे आहेत. म्हणून अशा तारखांवर आलेखात एक उभी तुटक रेघ मारून ठेवावी आणि रेघेच्या अलीकडचे व पलीकडचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

दुसरी अडचण सणाची. फराळाची मागणी आश्विनात वाढते आणि जाहिरातही लोक आश्विनातच देतात. दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढल्या की त्या हातात हात घालून चढतात आणि जाहिरातीमुळेच विक्री झाली असा समज होतो. दिवाळी जाहिरात न देताही येते. ईबे या मोठ्या कंपनीचाही असा समज होता. २०१२ मध्ये तिने अमेरिकेत आपल्याच नावाच्या शोधशब्दांवरील जाहिराती काही शोधयंत्रांवर थांबवून पाहिल्या, तेव्हा त्या जाहिरातींवरून येणाऱ्या ग्राहकांपैकी ९९.५ टक्के ग्राहक विनाजाहिरात दिसणाऱ्या दुव्यांवरून आलेच. जे येणारच होते, त्यांच्यासाठी पैसे मोजले जात होते. टॉम ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस यांचा या प्रयोगांवरील शोधनिबंध २०१५ मध्ये ‘इकॉनॉमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ब्राह्मणपाऱ्यातील व्यवसायालाही असा प्रयोग परवडतो. एका आठवड्यात जाहिरात फक्त शहराच्या अर्ध्या भागात दाखवावी, पुढच्या आठवड्यात उरलेल्या अर्ध्या भागात, आणि मागण्या पत्त्यांनुसार मोजाव्यात. बारा-पंधरा डब्यांच्या आकड्यांवरून खात्रीचा निष्कर्ष निघणार नाही, पण दोन-तीन दिवाळ्यांच्या नोंदी जमल्या की काही तरी दिसू लागते.

हिशेबाच्या दुसऱ्या बाजूलाही न्याय द्यायला हवा. त्या बारा ग्राहकांपैकी पाच जणांनी संक्रांतीला तिळगुळासह पुन्हा डबा मागवला आणि त्यावरही तेवढेच पैसे सुटले असे समजा. आता एकूण डबे १७, नफा २,५५० रुपये. जाहिरातीचा खर्च वजा जाता ५५० रुपये उरतात. दिवाळीनंतर बंद केलेल्या आलेखात जाहिरात तोट्याची होती. पौषापर्यंत चालू ठेवलेल्या आलेखात ती फायद्याची ठरली. आलेखाचा आडवा अक्ष कुठे थांबवला, याला केवढे महत्त्व आहे ते यावरून कळावे.

वाखाणले जाणे आणि पैसे मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या असतात, याचा अनुभव रायपूरला शतकापूर्वीच आला आहे. माधवराव सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोळकर संपादनात त्यांचे सहकारी होते आणि वामन बळीराम लाखे प्रकाशक. ही तिन्ही नावे मराठी. रायपुरातील लाखेनगर हे लाखे यांच्याच नावाने ओळखले जाते. हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात या मासिकाचे स्थान आजही मानाचे आहे; आर्थिक तोट्यामुळे ते डिसेंबर १९०२ मध्ये बंद पडले.

आलेखात न दिसणारी वाट

माणसामाणसांतील संबंधांचे आलेख काढण्याची पद्धत जेकब मोरेनो या मनोविकारतज्ज्ञाने रूढ केली. न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील मुलींच्या एका सुधारगृहातून १९३२ मध्ये दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. कोणती मुलगी कोणाशी जोडलेली आहे याचे ठिपके आणि रेघांचे चित्र काढून मोरेनो यांनी दाखवले की, पळण्याची कल्पना या ओळखींच्या साखळीतून पसरली होती. १९३४ च्या त्यांच्या ग्रंथात असे आलेख आहेत. सोशल मीडियाच्या जाळ्याची आज दिसणारी चित्रे याच ठिपके-रेघांची वंशज आहेत. या चित्रांत सर्वाधिक रेघा असलेला ठिपका लगेच डोळ्यांत भरतो, पण विक्रीच्या दृष्टीने कित्येकदा दोन वेगळ्या घोळक्यांना जोडणारा एकटा ठिपका अधिक मोलाचा असतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये हेच मांडले: नवी बातमी जवळच्या मित्रांपेक्षा दूरच्या ओळखीतून अधिक येते. भजनी मंडळातही असणाऱ्या आणि नातवाच्या शाळेच्या पालकगटातही असणाऱ्या आजी हा असा ठिपका होय.

पण ही आजी कंपनीच्या आलेखात नसते. तिने फराळाचे चित्र व्हॉट्सॲपवर पुढे पाठवले आणि त्यावरून कोणी संकेतस्थळ उघडले, तर तो ग्राहक मोजणीच्या वर्तुळालेखात बहुधा ‘डायरेक्ट’ म्हणजे थेट आलेला म्हणून नोंदला जातो. अमेरिकेतील पत्रकार अलेक्सिस मॅड्रिगल यांनी २०१२ मध्ये या न दिसणाऱ्या वाहतुकीला ‘डार्क सोशल’ असे नाव दिले. भारतात, जिथे नातलगांचे, सोसायटीचे आणि मंडळाचे गट व्हॉट्सॲपवर चालतात, तिथे ही अदृश्य पाकळीच मोठी असण्याचा संभव आहे. अफवांच्या पार्श्वभूमीवर २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, तरी गटांचे जाळे असल्यामुळे पाचांचे पंचवीस व्हायला वेळ लागत नाही.

याला तोड एकच आणि तीही जुनीच: विचारणे. मागणी घेताना ‘कुठून कळले?’ हा प्रश्न प्रत्येकाला विचारावा आणि उत्तरासाठी वहीत चार रकाने आखावेत: जाहिरात, व्हॉट्सॲप, ओळखीतून आणि गेल्या वर्षीचे ग्राहक. जाहिरातीत दिलेला फोन क्रमांक आणि गटांत दिलेला क्रमांक वेगळा ठेवला, तर न विचारताही बरेच कळते. दिवाळी संपल्यावर चार रकान्यांचे चार स्तंभ शून्यापासून काढावेत आणि प्रत्येकाखाली त्या वाटेवर झालेला खर्च लिहावा. ‘जाहिरात पाहिली होती, पण वहिनींनीही सांगितले’ असे उत्तर देणारे निघतातच. त्यांचा डबा दोन्ही रकान्यांत अर्धा अर्धा मांडावा.